कायमचं जहन्नम आणि अल्लाहचा इन्साफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात हिंदू-मुसलमान एकमेकांच्या मयतीला जातात. कब्रस्तानातून किंवा तापीकाठच्या स्मशानातून परतताना गेलेल्या माणसाचं पुढे काय होणार, यावर बोलणं निघतंच. त्या बोलण्यातून, मशिदीबाहेरच्या ओट्यावरून आणि दहावी-बारावीच्या मुलांकडून माझ्याकडे आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी यावल तालुक्यात राहतो आणि शिकवतो. फतवा देणं माझं काम नाही. कुराण, हदीस (नबी मुहम्मद यांच्या वचन-कृतींच्या नोंदी) आणि जुन्या उलमांनी (धर्मपंडितांनी) काय म्हटलं आहे ते सांगतो; जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणून वेगळं सांगतो. कंसातल्या आकड्यांत आधी सुरा, मग आयत.

नेमकी अडचण कुठे आहे?

माणूस साठ-सत्तर वर्षं जगतो. तेवढ्यात त्याने कितीही वाईट केलं तरी त्या वाईटाला कुठेतरी शेवट असतो. जहन्नममधल्या (इस्लाममधल्या नरकातल्या) शिक्षेला मात्र शेवट नाही, असं सांगितलं जातं. मग माप जुळतं कसं? कुराणच म्हणतं की भलाईचा बदला दहापट आणि बुराईचा तिच्याइतकाच (६:१६०). अल्लाह कणभरही जुल्म करत नाही (४:४०). सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या हदीस-ए-कुदसीत (नबींनी सांगितलेल्या अल्लाहच्या वचनात) अल्लाह बंद्यांना सांगतो, मी जुल्म स्वतःवर हराम केला आहे, तुम्हीही एकमेकांवर करू नका.

म्हणजे हा प्रश्न कुण्या नास्तिकाने बाहेरून आणलेला नाही. कुराण मनापासून वाचणाऱ्यालाच तो आधी पडतो. तो विचारणाऱ्या पोराला ‘तुझं ईमान कमजोर आहे’ म्हणून गप्प बसवणं मला अजिबात मान्य नाही. लूत अलैहिस्सलामांच्या कौमेवर (लोकांवर) अजाब (अल्लाहची शिक्षा) येणार हे कळल्यावर इब्राहीम अलैहिस्सलामांनी अल्लाहशी हुज्जत घातली, असं कुराण सांगतं. आणि लगेच पुढच्या आयतीत त्यांना सहनशील आणि कोमल मनाचे म्हणतं (११:७४-७५). त्यांच्या विचारण्याला तिथे बेअदबी म्हटलेलं नाही.

जहन्नम कायमचं आहे असं कुराणात खरंच लिहिलं आहे का?

हो, आणि ते झाकून पुढे जाता येत नाही. ‘त्यात सदैव, कायमचे राहतील’ असे शब्द जहन्नमबद्दल तीन ठिकाणी येतात (४:१६९, ३३:६५, ७२:२३). ते आगीतून बाहेर पडणार नाहीत, असं दोन ठिकाणी आहे (२:१६७, ५:३७). त्यांना मरणही येणार नाही आणि अजाब हलकाही केला जाणार नाही (३५:३६). हदीसमध्ये तर असं येतं की कयामतनंतर मृत्यूला मेंढ्याच्या रूपात आणून जिबह केलं जाईल आणि दोन्हीकडच्या लोकांना सांगितलं जाईल, आता मरण नाही.

याच कुराणात दोन आयती मात्र वेगळ्या स्वरात बोलतात. सुरा हूदमध्ये म्हटलं आहे, आसमान आणि जमीन आहेत तोवर ते आगीत राहतील, ‘तुझा रब चाहील ते सोडून’; तुझा रब जे ठरवतो ते करतो (११:१०७). लगेच पुढची आयत जन्नतबद्दल. तिथेही ‘तुझा रब चाहील ते सोडून’ आहेच, पण शेवटी जोडलं आहे, ‘कधीही न तुटणारी देणगी’ (११:१०८). आगीच्या आयतीत असं आश्वासन नाही. सुरा अनआममध्येही ‘अल्लाह चाहील ते सोडून’ हीच सूट आहे (६:१२८). पुढची सगळी चर्चा या दोन-तीन वाक्यांभोवती फिरते.

म्हणजे प्रत्येक गुनाहगार मुसलमान कायमचा जहन्नमी?

नाही. हा वाद इस्लामच्या पहिल्या शतकातच पेटला होता. खवारिज नावाच्या गटातले लोक म्हणत, मोठा गुनाह केला की माणूस मुसलमानच राहत नाही. बसऱ्याच्या वासिल बिन अता (मृत्यू ७४८) यांच्यापासून सुरू झालेल्या मुअतजिला पंथाने मधली वाट काढली. असा माणूस ना मोमिन (ईमानवाला), ना काफिर. पण तौबा न करता मेला तर जहन्नममध्ये कायमचाच. अल्लाहने धमकी दिली असेल तर ती पुरी करणं हाच इन्साफ, असं ते मानत.

सुन्नी उलमांनी दोन्ही नाकारलं. शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला पुजणं) सोडून बाकी काहीही अल्लाह ज्याला चाहील त्याला माफ करील, असं कुराणात दोनदा आहे (४:४८, ४:११६). बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांतल्या हदीसप्रमाणे ज्याच्या दिलात राईच्या दाण्याएवढं ईमान आहे त्यालाही आगीतून काढलं जाईल. मुस्लिमच्या एका लांब हदीसमध्ये तर नबी, फरिश्ते, मोमिन सगळ्यांची शफाअत (शिफारस) झाल्यावर अल्लाह स्वतः मूठभरून अशा लोकांना बाहेर काढतो, ज्यांनी कधीच कुठली भलाई केलेली नव्हती. इमामी शिया उलमाही गुनाहगार मोमिनाला कायमचा जहन्नमी मानत नाहीत.

जाणूनबुजून मोमिनाचा खून करणाऱ्याबद्दलची आयत (४:९३) सगळ्यांत कडक आहे आणि तिथे ‘कायमचा’ हा शब्द आहे. सहाबींमध्येही (नबींच्या सोबत्यांमध्येही) तिच्यावर मतभेद झाले. बहुतेक सुन्नी उलमा म्हणतात की शिक्षा त्या लायकीची आहे, पण तौबा आणि माफीचं दार बंद नाही. शंभर खून करून तौबेच्या वाटेवर मेलेल्या माणसाची हदीस याच कारणाने सारखी सांगितली जाते.

“मना बाप कधी नमाज पढना नही. तो जहन्नममाच जाई का?”

तुमच्या वडिलांचं काय होणार हे तुम्हाला, मला किंवा कुठल्याही मौलानांना माहीत नाही. आळसाने नमाज सोडणं हा फार मोठा गुनाह आहे. हनफी, मालिकी आणि शाफई या सुन्नी मजहबांच्या (कायद्याच्या परंपरांच्या) उलमांच्या मते त्याने माणूस दीनबाहेर जात नाही. हंबली मजहबात याहून कडक मतही आहे. आपल्याकडे बहुसंख्य हनफी आहेत. कलमा मानणाऱ्या बापासाठी दुआ करा. एका तहानलेल्या कुत्र्याला बुटातून पाणी पाजणाऱ्या बदनाम बाईला अल्लाहने बख्शलं, ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. तुमच्या बापाने उन्हाळ्यात कुणाकुणाला पाणी पाजलं असेल, त्याचा हिशोब तुमच्याकडे नाही.

जे मुसलमान नाहीत ते सगळे जहन्नमी, असं इस्लाम म्हणतो का?

या प्रश्नावर सर्वांत जास्त गैरसमज आहे, हिंदूंमध्येही आणि मुसलमानांमध्येही.

कुराणाचा पहिला नियम, ‘आम्ही रसूल पाठवल्याशिवाय अजाब देत नाही’ (१७:१५). म्हणजे ज्याला संदेश मिळालाच नाही त्याला जबाबदार धरलं जात नाही. दुसरा नियम, कुणीही दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही. हे वाक्य कुराणात पाच ठिकाणी आहे. बापजाद्यांच्या नावावर, जातीवर किंवा जन्मावर कुणाला शिक्षा नाही.

इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी इस्लाम आणि कुफ्र (इन्कार) यांची सीमा ठरवणाऱ्या आपल्या एका छोट्या किताबात गैरमुस्लिमांचे तीन गट केले. पहिल्यांच्या कानावर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचं नावच पडलं नाही; ते माफ. दुसऱ्यांनी त्यांना जवळून जाणलं, खरेपणा ओळखला आणि तरी तोंड फिरवलं, ते जबाबदार. तिसऱ्यांच्या कानावर लहानपणापासून फक्त बदनामी पडली. गजाली म्हणतात, तेही पहिल्यांसारखेच, कारण जे ऐकलं त्याने शोध घ्यावंसं वाटण्याऐवजी मन उलट फिरलं. त्यांच्या काळातले रूमचे बहुतेक ख्रिस्ती आणि दूरचे तुर्क अल्लाहच्या रहमतीत येतील, अशी आशा त्यांनी लिहून ठेवली.

आता आजच्या एखाद्या माणसाचा विचार करा. त्याने इस्लामबद्दल जे ऐकलं ते मोबाइलवरच्या द्वेषाच्या क्लिपांतून, किंवा दंगलीच्या बातमीतून, किंवा वजनात मारणाऱ्या एखाद्या मुसलमान दुकानदाराकडून. तो गजालींच्या कितव्या गटात बसतो? माझ्या मते तिसऱ्या. आणि वजनात मारणाऱ्याने आपल्या जबाबाची काळजी करावी.

हेही खरं की सगळे उलमा गजालींइतके मोकळे नाहीत. जाणूनबुजून, सत्य ओळखून केलेला इन्कार कायमच्या शिक्षेला पात्र ठरतो, यावर मात्र जवळपास सगळे एक आहेत.

सातपुड्यातल्या आमच्या जुन्या पूर्वजांचं काय? त्यांच्यापर्यंत कुणीच गेलं नव्हतं.

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातले तडवी भाऊ हा प्रश्न हमखास विचारतात, कारण त्यांचे पूर्वज भिल्ल होते आणि इस्लाम नंतर आला. रसूलचा संदेश न पोहोचलेल्या अशा लोकांना उलमा ‘अहले फतरा’ म्हणतात. अशअरी आणि मातुरीदी या सुन्नी विचाराच्या दोन परंपरा. अशअरी मत असं की शरीअत पोहोचेपर्यंत जबाबदारीच नाही. मातुरीदी पंथातले बरेच जण म्हणतात की निर्मिक आहे एवढं तरी अक्कलेने कळायला हवं. नमाज-रोजाचा जाब मात्र नाही. मुसनद अहमदमधल्या हदीसप्रमाणे बहिरा, वेडा, फार म्हातारा आणि ज्याच्यापर्यंत रसूल आला नाही तो, असे चौघे कयामतला आपली सबब मांडतील, ती ऐकली जाईल आणि त्यांची परीक्षा तिथेच होईल. सबब ऐकल्याशिवाय निकाल नाही, हे त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आणि लहान मुलं?

बुखारीच्या हदीसमध्ये नबींनी स्वप्नात इब्राहीम अलैहिस्सलामांना बागेत मुलांच्या घोळक्यात पाहिलं. लोकांनी विचारलं, मुश्रिकांची (शिर्क करणाऱ्यांची) मुलंही? उत्तर आलं, हो, मुश्रिकांची मुलंही.

थोड्या वर्षांच्या गुन्ह्याला न संपणारी शिक्षा, याला उलमांनी काय उत्तर दिलं?

मुख्य उत्तरं तीन-चार आहेत आणि ती सारखी वजनदार नाहीत.

सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर असं, की खून एका मिनिटात होतो, शिक्षा जन्मठेपेची होते. शिक्षा गुन्ह्याला लागलेल्या वेळेवरून ठरत नाही, गुन्ह्याच्या गंभीरपणावरून ठरते. एवढं बरोबर आहे. पण जन्मठेपही संपते. गंभीरपणा कितीही वाढवला तरी तो ‘अनंत’ कसा झाला, हे या उत्तरातून कळत नाही. बयानात हे सांगून पुढे जाणाऱ्यांनी अर्धंच उत्तर दिलेलं असतं.

अशअरी उलमांचं उत्तर वेगळ्या पायावर आहे. इमाम अबुल हसन अशअरी (मृत्यू ९३६) यांच्या परंपरेत जुल्म म्हणजे दुसऱ्याच्या मालकीत हात घालणं. सगळं अल्लाहचंच आहे, म्हणून त्याच्याकडून जुल्म घडूच शकत नाही. तो करतो तोच अदल. हे म्हणणारे लोक अल्लाहला माणसाच्या कायद्यात कोंडू पाहत नाहीत, त्यामागची अदब मला समजते. तरी मला ते अपुरं वाटतं. अल्लाह करील ते सगळंच इन्साफ असेल, तर ‘अल्लाह कणभरही जुल्म करत नाही’ या आयतीने आपल्याला नवं काय सांगितलं? ती आयत दिलासा देण्यासाठी आली आहे. दिलासा तेव्हाच मिळतो जेव्हा जुल्म म्हणजे काय हे आपल्याला थोडं तरी ठाऊक असतं.

मुअतजिला नेमकं हेच म्हणत: भलंबुरं अक्कलेने कळतं आणि अल्लाह त्याच अर्थाने आदिल आहे. पण त्यांनी माफीला जागाच ठेवली नाही. त्यांचा इन्साफ अशअरींपेक्षा समजायला सोपा आणि सोसायला कठीण.

समरकंदच्या इमाम मातुरीदी (मृत्यू ९४४) यांच्या परंपरेतला युक्तिवाद मला या सगळ्यांत ताकदीचा वाटतो. गुनाह माणूस वासनेच्या भरात, तेवढ्यापुरता करतो. करतानाही तो वाईट आहे हे त्याला माहीत असतं. कुफ्र तसा नसतो. तो माणूस कायमचा म्हणून धरतो, अनंत जगलो तरी असाच राहीन या निश्चयाने. म्हणून तात्पुरत्या गुनाहला तात्पुरती शिक्षा आणि कायमच्या इन्काराला कायमची. याला कुराणाचा आधारही दिला जातो: आगीसमोर उभे केल्यावर ते म्हणतील, आम्हाला परत पाठव, पण परत पाठवलं तरी ते तेच करतील (६:२७-२८).

इथे शिक्षा वर्षांच्या हिशोबातून निघून माणूस काय बनला आहे याच्याशी जोडली जाते, आणि तिथेच ती जोडायला हवी. मग उरतो एकच प्रश्न: आगीत कितीही काळ राहूनही जो बदलत नाही, असा माणूस खरोखर असतो का?

शिक्षा कधीतरी संपेल असं म्हणणारे कोणी आलिम झाले का?

झाले, आणि त्यातलं एक नाव ऐकून बरेच लोक चकित होतात.

दमिश्कचे इब्न तैमिया (मृत्यू १३२८) कडक म्हणून ओळखले जातात. आग अखेर संपेल या मताकडे झुकणारी एक रिसाला (पुस्तिका) त्यांच्या नावावर आहे. ते त्यांचं अखेरचं मत होतं का, यावर वाद आहे. त्यांचे शागीर्द इब्न अल-कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी मात्र हा विषय सविस्तर मांडला. त्यांची बाजू साधारण अशी. रहमत हा अल्लाहचा कायमचा गुण आहे, गजब हा कारणाने येणारा. कारण संपलं की तोही संपावा. ‘माझी रहमत माझ्या गजबवर भारी आहे’ असं बुखारी-मुस्लिममध्ये आहे आणि ‘माझी रहमत प्रत्येक वस्तूला व्यापून आहे’ असं कुराणात (७:१५६). इनाम देण्याचं वचन मोडणं हा ऐब, पण शिक्षेची धमकी माफ करणं हा थोरपणा. आणि माणूस मुळात फितरतवर, म्हणजे शुद्ध जन्मतो (३०:३०). कुफ्र वरून चढलेला मळ आहे. आगीचं काम मळ जाळणं असेल, तर तो जळून गेल्यावर आगीला काय काम उरलं?

हजरत उमर यांच्या नावाचं एक वचनही ते देतात: जहन्नमवाले वाळवंटातल्या वाळूइतके दिवस राहिले तरी एक दिवस बाहेर पडतील. त्याची सनद (कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी) तुटलेली आहे. ते हसन बसरींकडून येतं आणि त्यांनी हजरत उमर यांच्याकडून थेट ऐकलेलं नाही. म्हणून केवळ त्याच्यावर काही उभं करता येत नाही.

तकीउद्दीन सुबकी (मृत्यू १३५५) यांनी याविरुद्ध स्वतंत्र रिसाला लिहिली. त्यांचं म्हणणं, कायमपणाच्या आयती इतक्या आणि इतक्या स्पष्ट आहेत की दोन-तीन आयतींच्या सवलतीने त्या फिरवता येत नाहीत, आणि यावर उम्मतीचं एकमत झालेलं आहे. बहुसंख्य सुन्नी उलमा आजही सुबकींच्या बाजूने आहेत. हे लपवून ‘इस्लाममध्ये कायमचं जहन्नम नाहीच’ असं सांगणं बरोबर नाही.

अंदलुसियाच्या इब्न अरबींचं (मृत्यू १२४०) मत आणखी निराळं: लोक आगीतच राहतील, पण अखेर अल्लाहच्या रहमतीने त्यांना तिथेच आराम वाटू लागेल. विसाव्या शतकात अल्लामा इक्बाल यांनी १९३० साली छापलेल्या व्याख्यानांत जहन्नमला सुधारणेचा अनुभव म्हटलं आणि कायमच्या शिक्षेची कल्पना इस्लामची नाही असं लिहिलं.

या वादाशी खानदेशचा काही संबंध?

आहे, आणि आपल्या मुलांना तो कुणी सांगत नाही. फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, म्हणून आपण तिला परकी समजू लागलो. अकबराने १६०१ साली असीरगड घेईपर्यंत तिथे इल्मचा मोठा बाजार भरलेला होता. हदीसचा प्रचंड संग्रह ‘कन्जुल उम्माल’ रचणारे अली मुत्तकी बुऱ्हाणपुरात जन्मले आणि १५६७ साली मक्केत वारले. रहमतीच्या आणि शफाअतीच्या ज्या हदीस इथे सांगितल्या, तशा हदीस विषयवार लावून ठेवण्याचं काम त्यांनी केलं. मुहम्मद बिन फजलुल्लाह बुऱ्हाणपुरी (मृत्यू १६२०) यांनी इब्न अरबींच्या विचारावर लिहिलेली छोटी अरबी किताब सुमात्रा-जावापर्यंत वाचली गेली. ती जहन्नमवर नाही. पण ज्या विचारातून इब्न अरबींना रहमत सगळ्याला वेढणारी दिसली, तो विचार तापीकाठी शिकवला जात होता एवढं त्यावरून कळतं. आज अक्कलकुव्याच्या जामियात शेकडो मुलं हदीस शिकतात. त्यांनी हा जुना धागा उचलावा असं मला फार वाटतं.

तुमचं स्वतःचं मत काय?

इन्साफ आणि कायमची शिक्षा जुळू शकतात, पण एकाच अटीवर: ती शिक्षा फक्त त्याच्यासाठी असली पाहिजे, ज्याने सत्य खरोखर ओळखलं, ज्याला पुरी संधी मिळाली, आणि जो कधीही बदलणार नाही हे अल्लाहला ठाऊक आहे. असे लोक किती, कोण, किंवा शेवटी एक तरी उरतो का, हे फक्त तोच जाणतो. ‘तुझा रब चाहील ते सोडून’ हे वाक्य त्याने स्वतःच्या हातात ठेवलं आहे. कुराणाचे जुने भाष्यकार तबरी यांनी सुरा अनआमच्या त्या आयतीखाली इब्न अब्बास यांचं म्हणणं नोंदवलं आहे की, अल्लाहच्या मखलूकबद्दल (त्याने निर्माण केलेल्यांबद्दल) त्याच्यावर निकाल लादण्याचा, त्यांना जन्नतमध्ये किंवा आगीत बसवण्याचा हक्क कुणालाही नाही. मी तिथेच थांबतो.

इब्न अल-कय्यिम यांच्याकडे माझं मन ओढ घेतं, हे कबूल. कारण एक हदीस. कैद्यांमधली एक आई आपलं मूल शोधत धावत होती, सापडताच तिने त्याला छातीशी धरून दूध पाजलं. नबींनी सहाबींना विचारलं, ही आपलं मूल आगीत टाकील का? ते म्हणाले, शक्य असेतो कधीच नाही. नबी म्हणाले, ही आपल्या मुलावर जितकी मेहरबान आहे त्याहून अल्लाह आपल्या बंद्यांवर जास्त मेहरबान आहे. जहन्नमच्या आयती वाचताना ही हदीस शेजारी ठेवूनच वाचायला हवी.

आमच्याकडे पाप भोगून संपतं, नरकही संपतो. ते जास्त न्यायाचं नाही का?

पुराणांतला नरक भोगून संपतो, खरं. पण भारतीय परंपरेतही हा प्रश्न सगळीकडे सारखा सुटलेला नाही. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीव कायमच्या अंधतमसात जातात. जैन विचारात ‘अभव्य’ जीवांना मोक्ष कधीच मिळत नाही. म्हणजे कायमचं वंचित राहणं ही कल्पना फक्त अरबस्तानातून आलेली नाही. फरक इतका की कर्माच्या हिशोबाला अनेक जन्म मिळतात, इस्लाममध्ये परीक्षा एकदाच. म्हणूनच त्या एका परीक्षेत सबबी, अज्ञान, बळजबरी, वय, वेड हे सगळं इतकं बारकाईने पाहिलं जातं.

अल्लाहला आधीच माहीत होतं तर जहन्नमी माणूस बनवला कशाला?

माहीत असणं म्हणजे करायला लावणं नव्हे, हे नेहमीचं उत्तर बरोबर आहे. पण ‘बनवलाच कशाला’ याला ते पुरं पडत नाही. फखरुद्दीन राजी (मृत्यू १२१०) यांनी आपल्या तफसीरमध्ये (कुराणभाष्यात), ज्या शिक्षेतून कुणाचाच फायदा नाही ती हकीम अल्लाहला शोभते का, असं म्हणणाऱ्यांच्या दलीली स्वतः मांडल्या आहेत, तेही सुरा बकराच्या सुरुवातीलाच. फरिश्त्यांनीही आदमच्या वेळी विचारलं होतं की फसाद करणाऱ्याला बनवतोस का, आणि उत्तर मिळालं, मला जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत नाही (२:३०). मी यापुढे जाऊ शकत नाही. जो जाऊ शकतो असं म्हणतो त्याच्या उत्तरात मला प्रश्नच परत सापडतो.

जहन्नम नसतंच तर बरं झालं नसतं का?

ज्याच्यावर जुल्म झाला त्याला विचारा. शेजाऱ्याने दरवर्षी नांगरटीला हातभर बांध कोरला, तलाठ्याकडे खेटे घालून म्हातारा मेला, जमीन गेली ती गेलीच. बहिणींकडून सह्या घेऊन हिस्सा हडपला. ज्याचे पैसे बुडाले त्याने शेतातच फवारणीचं औषध घेतलं. या लोकांना इथे काय मिळालं? नबींनी सांगितलं आहे की वीतभर जमीन जुल्माने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचं जोखड पडेल. दुसऱ्या हदीसमधला दिवाळखोर नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येतो; पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला, कुणाचं रक्त सांडलेलं. त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातात, त्या संपल्या की त्यांचे गुनाह याच्यावर टाकले जातात.

इन्साफचा प्रश्न आपण बहुधा शिक्षा भोगणाऱ्याच्या बाजूने विचारतो. कुराण तो आधी मजलूमच्या बाजूने विचारतं. हिशोबच नसेल तर बांध कोरणारा आणि बांध गमावणारा मेल्यावर सारखे झाले, आणि हा इन्साफ नाही, हे सांगायला आलिम लागत नाही. शिक्षा असावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वरची सगळी चर्चा ती न संपण्याबद्दल आहे.

जहन्नमच्या भीतीने झोप लागत नाही, काय करू?

खौफ आणि उम्मीद दोन्ही हवेत, असं सगळे उलमा सांगतात. नुसता खौफ उरला असेल तर काहीतरी बिघडलं आहे. ‘अल्लाहच्या रहमतीतून निराश होऊ नका, तो सगळे गुनाह माफ करतो’ (३९:५३) ही आयत स्वतःवर अति केलेल्यांनाच उद्देशून आहे. अजाबाचे व्हिडिओ रात्री पाहणं बंद करा. वजू पुन्हापुन्हा करावासा वाटत असेल, मनात घाण विचार येऊन घाम फुटत असेल, तर ते वसवसे (मनात घुसणाऱ्या शंका) आहेत. त्यांचा जाब नाही. महिनाभर असंच चाललं तर मनाच्या डॉक्टरला दाखवा. यात दीनच्या विरुद्ध काही नाही.

माझा हिंदू जोडीदार वारला. तो जहन्नममध्ये गेला असं मानणं मला भाग आहे का?

नाही. उस्मान बिन मजऊन हे नेक सहाबी वारले तेव्हा एक बाई म्हणाली, अल्लाहने तुम्हाला नक्कीच इज्जत दिली. नबींनी विचारलं, तुला काय माहीत? इतक्या नेक माणसाबद्दल जिथे खात्रीने बोलू दिलं नाही, तिथे तुमच्या जोडीदाराबद्दल उलट खात्री कुठून आणणार? एकदा एका यहुद्याचा जनाजा जाताना नबी उभे राहिले. लोक म्हणाले, तो यहुदी होता. ते म्हणाले, तो जीव नव्हता का? आणि ‘अल्लाह अमक्याला माफ करणार नाही’ अशी कसम खाणाऱ्याला अल्लाहने विचारलं, माझ्या नावावर कसम खाणारा तू कोण? मी त्याला माफ केलं आणि तुझे अमल वाया घालवले. ही मुस्लिममधली हदीस आहे.

मगफिरतीच्या (माफीच्या) दुआबद्दल मात्र कुराणाची मनाई आहे. ज्यांचं जहन्नमी असणं स्पष्ट झालं अशा मुश्रिकांसाठी ती मागू नये (९:११३). ‘स्पष्ट झालं’ कधी म्हणायचं, यावर उलमांचं एकमत नाही. तुम्ही त्याच्या घरी जा, बायकापोरांना विचारा, अडलंनडलं पाहा. त्याला कुणाची मनाई नाही.

हिंदू वाचकाने कुठून वाचायला सुरुवात करावी?

क्लिपांवरून नको. एका आयतीचा तुकडा कापून लावलेला असतो, मागचं-पुढचं कळत नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचनं देणाऱ्या विनोबांनी पुढे कुराणातल्या निवडक आयतींचा ‘कुराण-सार’ तयार केला, तो सापडेल तर घ्या. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनीही इस्लामी संस्कृतीवर प्रेमाने लिहिलं आहे. मग मराठी भाषांतरात सुरा अनआम सबंध वाचा. रहमत आणि अजाब दोन्ही तिथे शेजारी भेटतात.

घरात कुणी गेलं तर आपण त्याच्यासाठी काय करू शकतो?

आधी उधारी फेडा. तिर्मिजीच्या हदीसप्रमाणे मोमिनाचा जीव त्याचं कर्ज फिटेपर्यंत अडकून राहतो. कृषी केंद्राची वही, सोसायटीचं कर्ज, हातउसने, मजुरांचे राहिलेले पैसे, सगळं विचारून घ्या. वाटणीच्या आधी हे. बहिणींचा हिस्सा द्या. कुणाची जमीन दाबलेली असेल तर सोडा. मग दुआ, आणि जमेल तसा त्याच्या नावाने सदका. पाण्याची सोय करून दिली तर उत्तम, आपल्याकडे मार्चपासूनच तिची गरज लागते.